हवेची गादी पोचवायला पुण्याला

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पावट्याच्या शेंगा सोलणं. तिचा उजवा हात गेलेला होता, डावा चालायचा. मी शेंग मोडून पुढं धरायचो, ती डाव्या अंगठ्यानं दाणे काढायची. किडका दाणा माझ्याकडून पातेल्यात पडला की म्हणायची, "आंधळं." जीभ जड झाली होती, बाकीचे शब्द लोळत यायचे, पण हा एक स्वच्छ यायचा. रात्री आमटी केली. चार घास तिनं खाल्ले. सकाळी तिची कूस बदलायला गेलो तर अंग गार.

दोन पावसाळे ती अंथरुणावर होती. अर्धांगवायू. पण एवढ्या दिवसांत पाठीला एक फोड आला नाही. शेवटची आंघोळ घालणाऱ्या बायका बाहेर येऊन म्हणाल्या, "आबा, पाठ कशी लेकरासारखी हाय वो." त्या दिवशी कोण आलं, काय बोललं, मला काही आठवत नाही. एवढं आठवतं.

ते मी एकट्यानं केलेलं नव्हतं. हवेच्या गादीनं केलं होतं. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. रबरासारखी गादी असते, तिला आडव्या नळ्या असतात, आणि एक छोटी मोटर. मोटर चालली की एक नळी फुगते, शेजारची बसते, मग उलटं. माणसाच्या अंगाखाली एकच जागा सारखी दाबली जात नाही, म्हणून पाठ कुजत नाही. गादी आमची नव्हती. पुण्यात मंडईच्या मागं एक संस्था आहे, ती आजाऱ्याला लागणाऱ्या वस्तू वापरायला देते आणि काम झालं की परत घेते. दवाखान्यात अशाच गादीचं रोज भाडं लावत होते. इथं फुकट. फक्त एक अट. गादी ज्यानं वापरली त्यानं ती स्वतः परत आणायची, पुढच्या आजाऱ्याच्या घरी न्यायची आणि त्या घरच्यांना नीट शिकवून यायचं. आम्हालाही एका सासवडच्या माणसानं असंच शिकवलं होतं.

ती गेल्यावर मी गादी लगेच नेली नाही. मोकळ्या पलंगावर तशीच होती. संध्याकाळी मी मोटर लावायचो. घूं घूं आवाज यायचा. बरं वाटायचं.

मग संस्थेच्या साठे सिस्टरचा फोन आला. "आबा, गादी आमची आहे, हे लक्षात आहे ना? इथं एका बाईंची पाठ लाल व्हायला लागलीय."

दुसऱ्या दिवशी निघालो. आमच्याकडच्या कुणाला अशी वस्तू आणायला किंवा पोचवायला पुण्याला जावं लागलं तर माहीत असावं, म्हणून हे लिहून ठेवतोय. माझी शाळा चौथीपर्यंत. समजून घ्या.

फलटणहून

गादीतली हवा काढली, गुंडाळी केली आणि पोत्यात घातली. मोटर पिशवीत. यष्टीत पोतं पायाशी ठेवलं तर कंडक्टर आला.

"आजोबा, पोत्यात काय हाय?"

"हवेची गादी."

"हवा कुठाय?"

"काढली. म्हणून तर मावली."

"मग हवेचं तिकीट लावत न्हाई. गादीचं लावतो."

अख्खी गाडी हसली. शेजारी लोणंदला चढलेला एक टोपीवाला होता. त्यानं विचारलं, "पेशंट मागनं येतोय का?"

"पेशंट न्हाई."

"मग गादी कुणाला?"

"पेशंट संपला, गादी राहिली," मी म्हणालो.

त्यानं तोंड खिडकीकडं फिरवलं ते जेजुरीपर्यंत आत घेतलं नाही. माझं बोलणं असंच आहे. ती असताना ती मागून सावरून घ्यायची, "त्यांच्या बोलण्याकडं लक्ष देऊ नका" म्हणून. आता बोललेलं तसंच पडून राहतं.

मी जन्मभर रस्त्याच्या गँगवर होतो, बिगारी आणि शेवटी मुकादम. त्यामुळं गाडीत बसलो की मला झाडं दिसायच्या आधी रस्ता दिसतो. नीरेच्या पुढं नवीन डांबर टाकलंय, पण कडा भरलेल्या नाहीत. पहिल्या पावसात खचणार. दिवे घाट मात्र मी पहिल्यांदा बघितला. वरून खाली एकदम सगळं मोकळं होतं. डाव्या हाताला तळं, पलीकडं धूर, आणि धुरात उभ्या पांढऱ्या इमारती. पहिल्यांदा म्हणतो, कारण गेल्या खेपेला तिला घेऊन ॲम्ब्युलन्समधून गेलो तेव्हा मी उलटा बसलो होतो, तिच्या तोंडाकडं तोंड करून. त्या खेपेला घाट मला फक्त अंगाला कळला होता.

मंडईमागची खोली

स्वारगेटला उतरलो. पहिला रिक्षावाला पोत्याकडं बघून पुढं गेला. दुसऱ्यानं मंडईला एवढे पैसे सांगितले की मी त्याला विचारलं, मंडई दाखवणार का विकत घेऊन देणार? मग पोतं डोक्यावर घेतलं आणि चालत निघालो. आमच्याकडं डोक्यावर ओझं घेतलेला माणूस दिसला की लोक बाजूला होतात. पुण्यात हॉर्न वाजवतात.

मंडईशी पोचलो तर एका बाईंनी हाक मारली. हातात दोन पिशव्या, मेथी बाहेर आलेली, पायाशी भाजीची पाटी. "अहो, रिकामे आहात का? ही एवढी पाटी रिक्षापर्यंत नेता?"

"डोक्यावर काय हाय ते दिसतंय का?" मी म्हणालो.

"म्हणून तर विचारलं. रिकाम्या डोक्याचे कामाचे नसतात."

मला हसू आलं. घरी जाऊन तिला सांगावं असं वाटलं, आणि मग आठवलं. दिवसातून असं किती वेळा होतं ते ज्याचं त्यालाच माहीत.

मंडईची दगडी इमारत मोठी आहे, वर टोक असलेली. आत भाजी अशी रचतात की हात लावायची भीती वाटावी. मागच्या गल्लीत संस्थेची एक खोली. दाराशी कुबड्या, चाकाच्या खुर्च्या, कमोडच्या खुर्च्या, लोखंडी पलंग. सगळ्यावर नंबर घातलेले. मधे टेबलाशी साठे सिस्टर. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्यात, केस पांढरे, चष्मा दोरीला.

"बसा. पाणी घ्या. मोटर चालते ना?"

"कालपर्यंत चालत होती."

"काल? घरी पेशंट नसताना?"

मी पाणी प्यायलो.

मग सिस्टर म्हणाल्या, "पूर्वी आम्ही नुसत्या वस्तू द्यायचो. वस्तू परत यायच्या आणि पाठीही कुजलेल्याच असायच्या. कुणी गादी उलटी घालायचं, कुणी वीजबिल वाचवायला मोटर बंद ठेवायचं. वस्तू फुकट देता येते हो. ती वापरायची कशी, हे घरी जाऊन दाखवायला माणूस लागतो. पगारी माणूस ठेवायला आमच्याकडे पैसे नाहीत. म्हणून तुम्ही."

"मला नीट बोलता येत न्हाई."

"ते फोनवर कळलं. नीट शिकवा म्हणजे झालं."

त्यांनी घराची सगळी हकिगत सांगितली. गंज पेठेतले युसुफभाई, गादी कारखानावाले. बायको हमीदाबी जिन्यावरून पडल्या, मणक्याला मार, कमरेखालचं अंग गेलं. दवाखान्यात राहून आल्या तेवढ्यात युसुफभाईंचं कापूस पिंजायचं यंत्र विकलं गेलं. आता घरी आहेत, आणि माकडहाडावर लाली दिसायला लागलीय. मुलगा वाघोलीकडं कंपनीत आहे, तो म्हणतो परत भरती करू. हमीदाबी म्हणतात, या घरातून मी आता एकदाच जाईन.

"उद्या संध्याकाळी मी येऊन पाठ बघणार," सिस्टर म्हणाल्या. "कातडी फुटली असेल तर मला त्यांना दवाखान्यातच पाठवावं लागेल. मग तिथं काय होईल ते मला विचारू नका. मी तिथंच नोकरी केलीय."

गादीवाल्याचं घर

खाली दुकान, वर दोन खोल्या. दुकानात भिंतीला जुनं पिंजण टांगलेलं, मोठ्या धनुष्यासारखं. यंत्र होतं तिथं फरशीवर चार भोकं. सगळीकडं कापसाचे तंतू, अगदी युसुफभाईंच्या दाढीतसुद्धा. माणूस माझ्याच वयाचा, उंच, हाताचे पंजे हे एवढे.

पोतं बघून म्हणाले, "लोक माझ्याकडून गाद्या नेतात. तुम्ही मला आणून देताय."

"पैसे मागत न्हाई," मी म्हणालो.

"तेच तर वाईट आहे."

वर गेलो. आतल्या खोलीच्या दाराला पडदा. सून रुबिना पुढं झाली, "काका, या ना, अम्मीला सांगितलंय." मी आत गेलो तेव्हा हमीदाबींनी ओढणी तोंडावर घेतली आणि मी भिंतीकडं बघत काम केलं. मोकळ्या पलंगावर गादी घातली, नळ्यांची बाजू वर, मोटर पायाकडं टांगली, नळी मुडपत नाही ना ते बघितलं. मग मी बाहेर आलो. युसुफभाई आणि रुबिनानं हमीदाबींना उचलून गादीवर ठेवलं. पडद्याबाहेर उभा राहून मी सांगत होतो. वर एकच पातळ चादर. चुणी नको. दर दोन तासांनी कूस. ओढायचं नाही, कलवायचं. "हो हो," आतून युसुफभाईंचा आवाज. "हो हो" म्हणणाऱ्या माणसाला काही कळलेलं नसतं. गँगवर मी हे पुष्कळ बघितलंय. पण परक्या घरात किती बोलणार?

जेवायला रुबिनानं विचारलं, "काका, आमच्या घरचं चालेल ना तुम्हाला?"

"दोन पावसाळे झाले माझ्या हातचं खातोय. मला कुणाचंही चालतं."

डाळीत दुधी घातलेला होता, चिंच होती, वर भात. आमच्याकडं दुधीचं असं कुणी करत नाही. तीनदा घेतलं. एक मात्र वेगळं वाटलं. आमच्या गावात कुणी अंथरुणाला खिळलं की दिवसभर माणसं येऊन बसतात, चहाची पातेली उतरत नाहीत, आजारी माणूस बोलून बोलून थकतो. इथं शेजारीण आली, दारातूनच "आता कसं आहे?" विचारून, डबा देऊन गेली. मला आधी ते कोरडं वाटलं. पण डब्यात मऊ खिमटी होती. आमच्याकडं येऊन बसणाऱ्यांपैकी कुणी डबा आणल्याचं मला आठवत नाही.

मला झोपायला खाली दुकानात जागा दिली, एकावर एक तीन गाद्या. इतक्या मऊ जागी मी जन्मात पाठ टेकली नव्हती. झोप काही आली नाही.

दुसरा दिवस

सकाळी रुबिना धावत खाली आली. "काका, लाली वाढलीय. काल रुपयाएवढी होती, आज तळहाताएवढी."

वर गेलो. पडद्याच्या फटीतून मला पलंग दिसला. मोटर चालू होती. पण कालच्यापेक्षा हमीदाबी वीतभर उंच झोपल्या होत्या.

"खाली काय घातलंय?"

युसुफभाई पडद्याबाहेर आले. "गादी. सावरीच्या कापसाची. आमच्या इमरानच्या लग्नात भरली होती, तेव्हापासून ट्रंकेत जपलेली. त्या रबरावर तिला घाम येत होता. रबरावर कुणी आपल्या बायकोला झोपवतं का?"

म्हणजे हवेच्या गादीवर वीतभर कापूस. रात्रभर मोटर चालली होती आणि हमीदाबींना तिचा पत्ता नव्हता.

"मग हवा कुणासाठी चाललीया?" मी म्हणालो. "तुमच्या गादीची पाठ दुखतीया का?"

"आवाज खाली."

"मी असाच बोलतो."

"चाळीस वर्षं गाद्या भरतोय मी! या पेठेतल्या निम्म्या नवरा-नवरीच्या अंगाखाली माझा कापूस आहे. तुम्ही काय केलंत जन्मभर?"

"खडी टाकली."

"मग गादीचं मला शिकवू नका!"

आतून हमीदाबींचा आवाज आला. तो मी पहिल्यांदाच नीट ऐकला. पातळ पण धारेचा. "भांडायचं तर खाली जाऊन भांडा. पाठ माझी जातेय, तुमची नाही."

मला त्या माणसाचा राग येईना. त्याच्याजवळ जगातली सगळ्यात चांगली वस्तू होती ती त्यानं तिच्या अंगाखाली घातली होती, आणि मी म्हणत होतो काढा. पण संध्याकाळी सिस्टर येणार होत्या.

मी म्हणालो, "तुमचा हात कापसाला ओळखतो ना? मग हातालाच विचारा. आत जा. त्यांच्या कमरेखाली, कापसाच्या गादीवर, पालथा पंजा घाला. तसाच ठेवा."

ते आत गेले. मी पडद्याबाहेर.

"घातला?"

"घातला."

"काय लागतंय?"

"हाड."

"थांबा तसंच. मोटरीचा आवाज बदलेपर्यंत."

आम्ही थांबलो. मोटरीचा आवाज बदलला.

"आता?"

"हाड," युसुफभाई म्हणाले. "तसंच."

"आता गादी काढा. रबरावर चादर घाला आणि परत पंजा घाला."

रुबिना आणि त्यांनी मिळून ते केलं. हमीदाबी दोघांना बोलत होत्या. मोटरीचा आवाज एकदा बदलला.

"युसुफभाई?"

"वर येतंय," ते म्हणाले. आवाज अगदी हळू झाला होता. "आता बसतंय. हाड सुटलं हातावरून. या अल्ला, सुटलं."

सावरीची गादी त्यांनी स्वतः खाली आणली. घडी घालताना ती हातानं झटकत होते, लेकराची पाठ झटकावी तशी.

पण एवढ्यानं भागत नव्हतं. रुबिना म्हणाली, अब्बा कूस बदलताना अम्मीला दंडाला धरून ओढतात, त्यानं कातडी खालच्या खाली घासते. रुबिनाला एकटीला उचलवत नाही आणि मुलगा रात्री येतो. म्हणजे शिकायला हवं होतं ते याच माणसानं. मला आत जाऊन हमीदाबींना हात लावून दाखवता येत नव्हतं, आणि तोंडी सांगितलेलं काय होतं ते सकाळी बघितलंच होतं.

मी त्यांना खाली दुकानात नेलं. एका गादीवर आडवा झालो. "मला पेशंट समजा," म्हणालो. "मला कमरेखाली जीव न्हाई. कूस बदला माझी."

"तुम्ही गमतीचे आहात."

"बदला."

त्यांनी दंड धरून ओढलं. खांद्यातून कळ आली. "म्हसराला दाव्याला धरून ओढताय का? दंड सोडा. माझा पलीकडचा गुडघा वर करा. एक हात खांद्याच्या मागं, एक खुब्यावर. आता तुमच्याकडं घ्या. ओढू नका. तुम्ही मागं झुका, मी आपोआप येतो. आणि आधी सांगायचं. आता वळवतोय म्हणून सांगायचं. माणूस आहे, पोतं न्हाई."

त्यांनी गुडघा वर केला. एक पंजा माझ्या खांद्यामागं आला, दुसरा खुब्यावर. गरम, खरबरीत हात. "भाऊ, आता वळवतोय," ते म्हणाले. आणि मी वळलो. काही लागलं नाही. पाठीमागं उशी सरकवली, दोन गुडघ्यांमधे घडी घातलेली चादर ठेवली. सगळं बरोबर.

मी तसाच पडून राहिलो, भिंतीकडं तोंड करून. ती गेल्यापासून माझ्या अंगाला कुणाचा हात लागला नव्हता. दिवस करताना लोक खांद्यावर थोपटून जातात तेवढंच. असा, सांभाळून घेतल्यासारखा, नाही. तिला रोज कितीदा तरी मी असं वळवायचो. ते करताना आपल्याही हाताला कुणीतरी लागत असतं, हे त्या वेळी कळलं नव्हतं.

"दुखलं का?" युसुफभाईंनी विचारलं.

"न्हाई. परत करा. नीट जमलं न्हाई."

नीट जमलं होतं. पण त्यांनी परत केलं. या कुशीवरून त्या कुशीवर, त्या कुशीवरून या कुशीवर. दाराशी गादी भरायला टाकायला आलेलं एक गिऱ्हाईक हे बघून परत गेलं.

दिवसभर युसुफभाई वर-खाली करत राहिले. दुपारी मी पडद्याबाहेर खुर्चीवर बसलो होतो. आत त्यांनी वळवलं, ते चांगलं झालं, हे मला आवाजावरूनच कळलं. ते नमाजाला गेले तेव्हा हमीदाबींनी आतून हाक मारली, "भाऊ, आहात का?"

"हाय."

"तुमच्या घरच्यांचं नाव काय होतं?"

आमच्या गावात हे कुणी विचारत नाही. तिथं ती आबाची म्हातारी. नाव घ्यायची सवय मलाही नव्हती. तरी म्हणालो, "शेवंता."

"शेवंताबाईंना आवडायचं का हे, असं सारखं उलथणं?"

"न्हाई. शिव्या द्यायची."

"मग मी पण देते," त्या म्हणाल्या. "मला वाटलं बरं दिसणार नाही."

संध्याकाळी साठे सिस्टर आल्या. जिना चढून धापा टाकत होत्या. चप्पल काढली, हात धुतले, पडद्याआड गेल्या. बाहेर युसुफभाई आणि मी. त्यांनी माझं मनगट धरलं होतं, त्यांना कळलंही नसेल. मुलगा इमरान कंपनीतून लवकर सुटून आला होता. तो मोबाइल हातात घेऊन उभा, ॲम्ब्युलन्सचा नंबर काढलेला.

सिस्टर बाहेर आल्या. हात पुसत म्हणाल्या, "लाली आहे. सकाळी होती असं रुबिना सांगते त्यापेक्षा कमी. बोटानं दाबली की पांढरी पडते, म्हणजे आतलं मांस जिवंत आहे. कातडी फुटलेली नाही."

"म्हणजे ॲडमिट करायचं की नाही?" इमराननं विचारलं.

"कशाला? तिथं एका नर्सच्या वाट्याला अख्खा वॉर्ड असतो. इथं एका पाठीला तुम्ही तिघं आहात. असंच चालू ठेवलंत तर राहू दे घरी. मी दोन दिवसांनी परत बघून जाईन."

इमराननं मोबाइल खिशात ठेवला. आतून हमीदाबी काहीतरी म्हणाल्या, मला हिंदी तेवढी कळली नाही, पण रुबिना हसली आणि डोळे पुसायला लागली. युसुफभाईंनी माझं मनगट सोडलं.

जाताना सिस्टर मला म्हणाल्या, "आबा, बोलता येत नाही तुम्हाला, हे खरं आहे. पण शिकवता येतं."

तिसरी सकाळ

सकाळच्या गाडीनं निघायचं ठरलं होतं. वर येऊन चहा घेऊन जा, असं रुबिनानं बजावलं होतं. मी दुकानातल्या गाद्या होत्या तशा रचल्या, तोंड धुतलं, जिना चढलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आत पडद्यामागं युसुफभाई बोलत होते. "हमीदा, आता वळवतोय."

"अजी, हल्लू! मैं चपाती हूँ क्या?"

"चपाती असतीस तर केव्हाच खाल्ली असती."

"शेवंताबाईंच्या शिव्या देऊ का?"

मग दोघं हसली. पलंग करकरला. "आलं?" "आलं. उशी जरा खाली. हां. आता बरं."

माझा हात कडीवर होता. मी कडी वाजवली नाही. त्यांचं होईपर्यंत उभा राहिलो. मग चपला हातात घेऊन जिना उतरलो, रस्त्यावर आल्यावर पायात घातल्या, आणि स्वारगेटकडं चालायला लागलो.